चड्डी रोज खराब होते, पण मुलाला कळतच नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत, वजन 22 किलो. चार-पाच महिने झाले, चड्डीला रोज शी लागलेली असते. कधी नुसता डाग, कधी चमचाभर पातळ शी. विचारलं की म्हणतो, "मला कळलंच नाही." वर्गातली मुलं नाक दाबतात, बाईंना तो आळशीपणा वाटतो. घरी रागावून झालं, बक्षिसाचं आमिष दाखवून झालं, एक-दोनदा फटकेही बसले. शी पातळ दिसते म्हणून जुलाब समजून फळं बंद केली आणि जुलाब थांबवायचं औषध दिलं, तर त्रास आणखी वाढला.

तुमचा मुलगा खरं बोलतोय. त्याला खरोखरच कळत नाही. आणि त्याला जुलाब होत नसून बहुधा जुनं बद्धकोष्ठ आहे. ऐकायला उलटं वाटेल, म्हणून आत काय चाललंय ते नीट समजून घ्या. एकदा ते समजलं की पुढच्या उपचारातली प्रत्येक पायरी का आहे ते आपोआप कळेल.

सुरुवात बहुतेक वेळा एखाद्या दुखऱ्या शौचाने होते. ताप आला, पाणी कमी पडलं, प्रवास झाला, शाळेतलं स्वच्छतागृह घाण म्हणून तिथे जायचं टाळलं. कारण काहीही असो, एक दिवस शी कडक झाली आणि गुदद्वाराला बारीक चीर पडली. मुलाच्या डोक्यात एवढंच राहतं की शी केली की दुखतं. मग कळ आली की तो कुल्ले आवळून ती परतवून लावतो. अडवलेली शी गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, पडून राहते. आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, त्यामुळे ती आणखी कडक आणि मोठी होते आणि पुढच्या वेळी आणखी दुखतं. हे चक्र काही आठवडे चाललं की तिथे घट्ट गोळा बसतो.

गुदाशयाच्या भिंतीला ताण बसला की मेंदूला 'शी आली' असा निरोप जातो. गोळ्यामुळे ती भिंत सतत ताणलेली राहिली की सैल पडते आणि निरोप क्षीण होत होत जवळजवळ थांबतो. दरम्यान वरून येणारी नवी, पातळ शी गोळ्याच्या बाजूने झिरपत खाली येते आणि मुलाच्या नकळत बाहेर पडते. तुम्हाला चड्डीत दिसते ती हीच. जुलाब थांबवायच्या औषधाने आतड्याची हालचाल मंदावते, म्हणजे गोळा आणखी पक्का बसतो. तुमच्याकडे त्रास वाढला तो यामुळेच. वासाचंही तसंच आहे. नाकाला सतत येणाऱ्या वासाची सवय होते, त्यामुळे शेजारच्या बाकावरच्या मुलाला येणारा वास याला स्वतःला येत नाही. "वास येतोय तरी बसून राहतो" ही तक्रार म्हणून अन्यायाची आहे.

घरी काय तपासता येईल? चार वर्षांवरच्या मुलांसाठी डॉक्टर पुढच्या सहा गोष्टी बघतात: आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी शौच, आठवड्यातून निदान एकदा चड्डी खराब होणं, शी रोखून धरणं, कडक किंवा दुखणारी शी, इतकी जाड शी की भांडं तुंबावं, आणि तपासणीत गुदाशयात सापडणारा मोठा गोळा. यातल्या दोन गोष्टी महिनाभर, आठवड्यातून निदान एकदा घडत असतील आणि दुसरा आजार नसेल तर निदान जवळपास झालंच. रोखून धरणं ओळखायला मात्र नजर लागते. मूल खेळता खेळता अचानक गप्प होतं, चवड्यांवर उभं राहतं, पायाला पाय घट्ट लावतं, पडद्यामागे किंवा टेबलाच्या कडेला जाऊन ताठ होतं, चेहरा लाल होतो. घरच्यांना वाटतं, बिचारा कुंथतोय. प्रत्यक्षात तो शी बाहेर येऊ नये म्हणून सगळी ताकद लावत असतो.

'रोज जातो की!' हे उत्तरही फसवं असतं. रोज लेंड्यांसारखे दोन-चार खडे पडले तरी आत साठा वाढतच असतो. त्यामुळे किती वेळा गेला यापेक्षा शी कशी झाली ते बघा. 1997 साली ब्रिस्टलमध्ये तयार झालेला शौचाच्या प्रकारांचा तक्ता डॉक्टरांकडे असतो. त्यात 1 म्हणजे सुटे कडक खडे आणि 7 म्हणजे निव्वळ पाणी. आपल्याला हवा तो 4: गुळगुळीत, मऊ, लांबट. तक्त्याची छापील प्रत स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा आणि मुलाला स्वतःलाच आकडा सांगू द्या. सात वर्षांच्या मुलाला हे काम आवडतं.

सोबत भूक कमी-जास्त होणं, बेंबीभोवती दुखणं आणि मोठी शी झाली की दोन दिवस एकदम बरं वाटणं, हे ठरलेलं असतं. रात्री अंथरुणात लघवी होत असेल, दिवसा थेंब-थेंब सुटत असेल किंवा लघवीला वारंवार संसर्ग होत असेल, तर तेही याच प्रश्नाचा भाग असू शकतं. भरलेलं गुदाशय समोरच्या मूत्राशयावर दाब देतं. पोट साफ राहू लागलं की पुष्कळ मुलांची लघवीची तक्रारही कमी होते.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्या दिसल्या तर घरी थांबायचं नाही. जन्मल्यावर पहिली काळी शी 48 तासांत झाली नव्हती, किंवा बद्धकोष्ठ पहिल्या महिन्यापासूनच आहे. शी नेहमी फितीसारखी चपटी होते. पोट फुगून टणक झालंय. हिरवी उलटी होते. वजन-उंची वाढत नाही. चीर नसताना रक्त पडतं. पाय अशक्त वाटतात किंवा चाल बदलली आहे. कमरेच्या खाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका आहे. यांत आतड्याच्या टोकाला चेतापेशीच नसण्याचा आजार (हिर्शस्प्रुंग), मणक्याचे दोष आणि थायरॉइडसारखी कारणं शोधावी लागतात. आणखी एक गोष्ट अवघड असली तरी सांगायला हवी. गुदद्वार तपासायचं म्हटल्यावर मूल कमालीचं घाबरत असेल किंवा तिथे न समजणाऱ्या जखमा असतील, तर त्याच्याशी कोणी गैरवर्तन केलंय का, हा विचार शांतपणे आणि गांभीर्याने करायचा. तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

या खुणा नसतील तर तपासणी साधी असते. डॉक्टर पोट चाचपतात. खाली, बऱ्याचदा डाव्या बाजूला, गोळा हाताला लागतो. गुदद्वाराची जागा, चीर आणि पाठ बघतात. एक्स-रे, सोनोग्राफी बहुतेकांना लागत नाही. रक्त तपासायची वेळ सहसा नीट उपचार करूनही गुण आला नाही तरच येते.

आता उपचार. त्याचा क्रम बदलून चालत नाही: आधी आतला साठा पूर्ण बाहेर काढायचा, मग तो पुन्हा साठू द्यायचा नाही, आणि त्या काळात मुलाला बसायची सवय लावायची. लोक पहिली पायरी गाळून थेट फळं, भाज्या, कोंडा यांवर जातात. तुंबलेल्या नळात वरून आणखी माल टाकावा तसं ते होतं. पोट फुगतं, दुखतं आणि गळणंही वाढतं.

साठा काढायला पहिली पसंती पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या पावडरीला. हे औषध आतड्यातून जवळजवळ शोषलं जात नाही. आपल्यासोबतचं पाणी शौचात धरून ठेवतं आणि गोळा मऊ करत करत बाहेर आणतं. मात्रा मुलाला तपासून डॉक्टरांनीच ठरवायची, पण आकडे तुम्हालाही माहीत हवेत, कारण कमी मात्रा हेच अपयशाचं सगळ्यात मोठं कारण आहे. साठा काढताना ती दर किलो वजनाला रोज 1 ते 1.5 ग्रॅम, अशी 3 ते 6 दिवस असते. तुमच्या मुलाच्या 22 किलोला रोज 22 ते 33 ग्रॅम. साधारण 17 ग्रॅम पावडर पेलाभर, म्हणजे 240 मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची. दिवसाची मात्रा दोन-तीन भागांत, प्रत्येक भाग अर्ध्या-पाऊण तासात घोट-घोट प्यायला द्यायचा. थंड करून दिली तर चव कमी जाणवते. दुकानात याच औषधाची मोठी पाकिटं मिळतात, शंभर ग्रॅमच्या वरची. ती दुर्बिणीने आतडं तपासण्याआधी मोठ्यांना देतात. नाव सारखंच दिसतं, म्हणून पाकिटावरचे ग्रॅम वाचल्याशिवाय पाकीट फोडू नका.

हे दिवस सुट्टीचे निवडा. पहिल्या एक-दोन दिवसांत चड्डी जास्त खराब होईल. पोटात मुरडा येईल, पातळ शी येईल, मध्येच मोठे खडे पडतील. याच टप्प्यावर घाबरून औषध बंद केलं जातं आणि गोळा अर्धाच निघतो. पातळ शी आली म्हणजे साठा संपला, असं धरू नका. खडे यायचे थांबले, शी एकसारखी पातळ तपकिरी झाली आणि पोटातला गोळा हाताला लागेनासा झाला, म्हणजे आतडं रिकामं झालं. शेवटची खात्री डॉक्टरांकडून करून घ्या. उलट्या सुरू झाल्या, पोट फुगून टणक झालं किंवा मूल मलूल झालं तर मात्र औषध थांबवून लगेच दाखवा. एनिमानेही साठा निघतो. पण ज्या जागेची मुलाला आधीच धास्ती बसली आहे तिथेच तो द्यावा लागतो, म्हणून तो दुसऱ्या पसंतीचा. घरच्या घरी, स्वतःच्या मनाने तर गुदद्वारातून काहीच घालायचं नाही.

साठा निघाला की दुसऱ्याच दिवसापासून राखणीची मात्रा. सुरुवात दर किलोला रोज 0.4 ग्रॅम, म्हणजे तुमच्याकडे सुमारे 9 ग्रॅम. गरजेप्रमाणे ती 0.2 ते 0.8 ग्रॅमच्या दरम्यान कमी-जास्त होते. तक्त्यावरचा 4 रोज एकदा-दोनदा यावा, हे लक्ष्य. 2 किंवा 3 आला तर मात्रा थोडी वाढवायची, 6 आला तर थोडी कमी करायची, आणि बदल केला की तीन-चार दिवस थांबून बघायचं. रोज बदलत राहिलात तर कशाने काय झालं ते कळणार नाही. हे औषध किमान दोन महिने चालतं. तुमच्यासारखं महिनोन्‌महिने चाललेलं दुखणं असेल तर बहुधा त्याहून बरंच जास्त. सैल पडलेलं गुदाशय पुन्हा आवळायला आणि निरोप पुन्हा नीट जायला वेळ लागतो. तज्ज्ञांकडे पाठवाव्या लागलेल्या मुलांपैकीसुद्धा साधारण निम्मी 6 ते 12 महिन्यांत औषधाशिवाय बरी असतात. बाकीच्यांना जास्त काळ लागतो.

'आतड्यांना औषधाची सवय लागेल' ही भीती जवळपास प्रत्येक आईवडिलांना वाटते, आणि औषध लवकर बंद होण्याचं ते मुख्य कारण आहे. ही पावडर आतड्याला ढकलत नाही, नुसती शी मऊ ठेवते, त्यामुळे तशी सवय लागत नाही. आतडं खरं आळशी होतं ते महिनोन्‌महिने भरून राहिल्याने. पावडर मिळत नसेल किंवा मुलाला चालत नसेल तर लॅक्ट्युलोजचं पातळ औषध हा पर्याय आहे. त्याने गॅस जरा जास्त होतो.

आता बसायची सवय. पोटात अन्न गेलं की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. जेवणानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात हे जोर चांगले असतात, तो वेळ पकडायचा. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण झालं की मुलाने 5 ते 10 मिनिटं बसायचं, कळ असो वा नसो. त्याला आतून निरोप येत नाहीये, म्हणून सध्या घड्याळच त्याचा निरोप. घड्याळ दिसेल असं ठेवा. दहा मिनिटं झाली की शी झाली नसली तरी उठू द्या. अर्धा तास बसवून ठेवलं तर ती शिक्षा होते.

बसायची पद्धत फार महत्त्वाची. उकिडवं बसायचं भांडं असेल तर शरीराची ठेवण आपोआप बरोबर होते. कमोड असेल आणि मुलाचे पाय लोंबकळत असतील तर शी नीट होणं कठीणच. गुदाशयाला पुढून मागे वेढून धरणारा एक स्नायू असतो, तो तिथे कोन करून वाट अडवतो. गुडघे कमरेपेक्षा वर आले की तो सैल होतो आणि वाट सरळ होते. म्हणून पायांखाली पक्कं स्टूल ठेवा, दोन्ही तळवे त्यावर पूर्ण टेकलेले, पाय थोडे फाकलेले, कोपरं मांडीवर, अंग जरा पुढे. बैठक मोठी असेल तर तिच्यावर लहान मुलांची छोटी सीट लावा. आत पडायची भीती असलेलं मूल कुल्ले सैल सोडत नाही. 'जोर लाव' म्हणू नका. फुगा फुगवायला किंवा साबणाचे बुडबुडे उडवायला द्या. फुंकताना पोटाचा दाब बरोबर दिशेने पडतो आणि खालचा भाग सैल राहतो. उठण्याआधी दोनदा: 'झालं' वाटलं की अर्धा मिनिट थांबून पुन्हा एकदा फुंकायचं.

बक्षीस द्यायचं ते बसण्याला. शी होण्याला किंवा चड्डी कोरडी राहण्याला नाही. बसणं त्याच्या हातात आहे, गळणं नाही. जे हातात नाही त्यासाठी बक्षीस ठेवलं की मूल रोज हरतं आणि मग चड्ड्या लपवायला लागतं. कपाटामागे, गादीखाली चड्ड्या सापडल्या तर समजा, घरात याविषयी बोलणं त्याला असह्य झालंय. अशा वेळी आवाज न चढवता एवढंच सांगा: "तुझं पोट आजारी आहे, तू नाहीस वाईट. खराब चड्डी या बादलीत टाक, कोणी काही विचारणार नाही." बादली खरोखर ठेवा आणि खरोखर विचारू नका. स्वतःला धुणं आणि कपडे बदलणं हे त्याने करायचं, पण दात घासण्यासारखं, रोजचं काम म्हणून. भावंडांनी चिडवायचं नाही, हा घरातला पक्का नियम.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात. बंद केलेली फळं साठा निघाल्यावर परत सुरू करा. तंतूंचा (फायबरचा) अंदाज सोपा आहे: वयात 5 मिळवायचे, तितके ग्रॅम रोज, म्हणजे याला सुमारे 12. फळं, भाज्या, डाळी-कडधान्यं आणि अख्खी धान्यं यांतून ते भागतं. वेगळी तंतूंची पावडर लागत नाही. पिण्यातून दिवसाला सुमारे 1200 मिलिलिटर पाणी-पेयं जावीत. औषध ज्यात विरघळवलं ते पाणी यात मोजू नका, ते शौचाबरोबर बाहेर जातं. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर असेल तर कमी करा, कारण दुधाने पोट भरलेलं मूल जेवत नाही. नेहमीचं धावणं-खेळणं चालू ठेवा. यातलं काहीही औषधाची जागा घेत नाही.

आता शाळा, कारण दिवसाचे सहा-सात तास तिथे जातात आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाऊ शकते. बाईंना वर्गाबाहेर, मूल नसताना भेटा आणि एक छोटी चिठ्ठी द्या. मजकूर असा पुरेल: "याला जुनं बद्धकोष्ठ आहे, उपचार चालू आहेत. शी गळते ती त्याला कळत नाही. त्याने हात वर केला किंवा ही खूण केली की कारण न विचारता लगेच जाऊ द्यावं. पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी. वास आला तर वर्गासमोर न बोलता त्याला फक्त हे कार्ड द्यावं. तो बदलून येईल." डॉक्टरांची सही असलेली चिठ्ठी जोडली तर वाद उरत नाही.

दप्तरात वेगळी, बाहेरून न दिसणारी पिशवी: दोन चड्ड्या, एक पँट, पुसायला ओले टिश्यू, घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी. बदलायचा सराव आधी घरी तीन-चार वेळा करून घ्या, कडी लावण्यापासून हात धुण्यापर्यंत. अरुंद जागेत पँट खाली न टेकवता बदलणं सात वर्षांच्या मुलाला सोपं नसतं. शाळेच्या स्वच्छतागृहाला तो का जात नाही, हेही त्याला विचारा, आणि उत्तर अगदी नेमकं मिळवा. कडी लागत नाही, पाणी नसतं, मोठी मुलं दारावर थापा मारतात, मधली सुट्टी पुरत नाही: ज्या कारणाने तो अडवतो ते कारण शाळेकडून दूर करून घ्यावं लागेल. शिक्षकांसाठी असलेलं एखादं स्वच्छतागृह त्याला वापरू देणं हा बऱ्याचदा सगळ्यात जलद तोडगा ठरतो.

वहीत रोज चार रकाने भरा: बसला का, तक्त्यावरचा आकडा, चड्डी खराब झाली का, औषध किती ग्रॅम. साठा काढल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी डॉक्टरांना ही वही दाखवा, पुढे महिन्याने. गळणं पुन्हा सुरू झालं तर बहुतेक वेळा साठा पुन्हा झालेला असतो. अशा वेळी राखणीची मात्रा नुसती वाढवून भागत नाही, पहिली पायरी पुन्हा करावी लागते. हे अपयश समजू नका, या दुखण्यात ते होतंच. दोन दिवस शी झाली नाही किंवा लागोपाठ 1-2 आकडे आले की काय करायचं, किती मात्रा वाढवायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. आजारपण, प्रवास आणि शाळा बदलणं या तीन वेळा खास जपायच्या. तीन महिने पूर्ण मात्रेने, न चुकता उपचार करूनही फरक नसेल तर मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे जा. तिथे थायरॉइड, ग्लूटेनचा (गव्हातल्या एका प्रथिनाचा) त्रास, गायीच्या दुधाची ॲलर्जी अशा कारणांचा शोध घेतला जातो.

औषध बंद करायची वेळ कधी? चड्डी कोरडी, शी 4 आकड्याची आणि न दुखता, मुलाला कळ आलेली स्वतः समजते, आणि हे सगळं किमान महिनाभर सलग. मग मात्रा एकदम न थांबवता साधारण पाव-पाव करून, दर दोन-तीन आठवड्यांनी उतरवायची. बसायचं वेळापत्रक मात्र तेच ठेवायचं, आणि औषध पूर्ण थांबल्यावरही आणखी काही महिने चालू ठेवायचं. शाळा सुरू होण्याच्या किंवा परीक्षेच्या आठवड्यात मात्रा उतरवायला घेऊ नका.